दिवा कोणी विझवला?

गेले दोन महिने आमच्या दिवाणखान्यात चीन आहे. नातीची परीक्षा संपली, ती राहायला आली आणि रोज रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघी चिनी मालिका बघत बसतो. ती पुण्यात चिनी भाषेचा वर्ग करते, त्यामुळे तिला थोडंफार कळतं. मी खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचते. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, ती अक्षरं माझं वाचून व्हायच्या आत पळतात. मग "थांबव गं जरा" असं म्हणायचं, तिनं थांबवायचं. पाऊण तासाचा भाग असा सव्वा तास चालतो.

मागच्या पंधरवड्यात माझे धाकटे दीर चार दिवस येऊन गेले. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो. (भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला ठाऊक आहे. चष्मा लावून नीट वाचा.) पहिल्या रात्री त्यांनी चिनी मालावर बहिष्कार वगैरे ऐकवून घेतलं, दुसऱ्या रात्री दारात उभं राहून बघितलं आणि तिसऱ्या रात्री खुर्ची ओढून बसले. आणि मग म्हणाले, "वहिनी, एका बाबतीत मात्र ह्या चिन्यांना मानलं पाहिजे. भुतंखेतं, अंगात येणं, असलं काही टीव्हीवर दाखवू देत नाहीत. आपल्याकडे हे व्हायला हवं."

भाऊजींनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उमेदीची वर्षं घातली आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, त्याच्यासाठी ते गावोगाव हिंडले होते. त्यांच्याशी ह्या विषयावर वाद घालायचा म्हणजे धीर लागतो. त्या रात्री मी गप्प बसले, कारण मला पटकन उत्तर सुचलं नाही. आता सुचलं आहे. ते इथे लिहिते.

आम्ही बघत होतो त्या मालिकेचं इंग्रजी नाव ‘द लॉस्ट टूम’. २०१५ सालची, बारा भागांची. मूळ कादंबरीच्या चिनी नावाचा अर्थ नातीनं सांगितला, ‘कबरचोराची टिपणवही’. लेखकाचं टोपणनाव नानपाय सान्शू, म्हणजे ‘दक्षिण घराण्याचे तिसरे काका’. आपल्याकडे अशी टोपणनावं घ्यायची फॅशन गेली, नाहीतर मीही ‘सदाशिव पेठेतली थोरली काकू’ म्हणून लिहिलं असतं. असो. ह्या कादंबऱ्या २००६ च्या सुमारास इंटरनेटवर क्रमशः येऊ लागल्या आणि चीनमध्ये लोकांनी त्या अक्षरशः डोक्यावर घेतल्या. तिथे जुन्या राजांच्या, सरदारांच्या थडग्यांत शिरून चोऱ्या करणाऱ्यांच्या ह्या साहसकथा. आपल्या लहानपणी गुप्तधनाच्या गोष्टी असायच्या ना, हंड्यावर नाग बसलेला वगैरे, त्याच जातीच्या, पण फार मोठ्या पसाऱ्याच्या.

कादंबरीतला नायक वू श्ये हा हांगचौला जुन्या वस्तूंचं छोटंसं दुकान चालवणारा तरुण. त्याचा आजा छांगशाचा कबरचोर. काकाही त्याच धंद्यातला. आजोबांनी एका वहीत आपले अनुभव लिहून ठेवले आहेत आणि ती वही नातवाच्या हाती येते. नातवाला धंद्यात शिरायचं नाही असंही आहे आणि शिरल्याशिवाय राहवतही नाही असंही आहे. त्याच्या नावात एक गंमत आहे. ‘वू श्ये’ ह्या उच्चाराचा चिनी भाषेत ‘निष्पाप’ असाही अर्थ होतो. चोराच्या घरात जन्मलेल्या मुलाचं नाव निष्पाप! हे नाव ठेवणाऱ्या आजोबांच्या मनात काय असेल, एवढ्यावरच एक कादंबरी होईल.

आता मालिकेत काय केलंय बघा. वू श्ये परदेशात शिकून आलेला, संस्कारी, पुरातन वस्तूंवर प्रेम करणारा मुलगा. तो थडग्यात उतरतो तो देशाचा ठेवा वाचवायला. काहीही मौल्यवान हाती लागलं की हे आपण सरकारजमा करायचं, असं तो म्हणतो. तेही एकदा नाही. चीनमध्ये प्रेक्षकांनी त्या वाक्याची इतकी टर उडवली की ‘सरकारजमा करा’ हा रोजच्या बोलण्यातला विनोद होऊन बसला. कुणाला रस्त्यात छत्री सापडली तरी सरकारजमा!

मीही हसले आधी. मग मात्र मला त्या मुलाची कीव यायला लागली. नावातला जो पीळ होता तोच गेला. आता तो नुसताच निष्पाप आहे. त्याला लोभ नाही, घराण्याची लाज नाही, आजोबांबद्दलची ओढ आणि राग ह्यांची ओढाताण नाही. मग तो जीव धोक्यात घालून त्या अंधाऱ्या भुयारात रांगतो कशासाठी? त्यापेक्षा पोलिसांना फोन करणं सोपं होतं की. नातीनं हा प्रश्न पहिल्याच भागात विचारला होता, मी तिला "बघ गं पुढं" म्हणून गप्प केलं. पुढंही उत्तर आलं नाही.

एक मात्र कबूल करते. ह्याच प्रकारातली दुसरी एक मालिका आम्ही बघितली, २०१६ सालची, एकवीस भागांची, आणि ती चांगली आहे. थ्येनश्या पाछांग नावाच्या लेखकाच्या कादंबऱ्यांवरची. तिच्यात सैन्यातून सुटलेला हू पायी आणि त्याचा जाडा मित्र हे पुराणवस्तू संशोधकांच्या एका तुकडीबरोबर तकलामाकानच्या वाळवंटात एक हरवलेलं नगर शोधायला जातात. मुळात कादंबरीतच संशोधकांची मोहीम असल्यामुळे हिच्यात कथा मोडावी लागली नाही. नगराचं नाव जिंगज्युए. हे नाव काल्पनिक नाही बरं का. हान काळातल्या इतिहासग्रंथात ह्या राज्याचा उल्लेख आहे आणि आज ज्याला निया म्हणतात ते ठिकाण तेच, असं मानलं जातं. ऑरेल स्टाइन १९०१ साली तिथे पोचले तेव्हा त्यांना वाळूत लाकडी पाट्या सापडल्या, खरोष्ठी लिपीतल्या, आणि भाषा प्राकृत! आपल्या महाराष्ट्री प्राकृताची लांबची बहीण तिकडे वाळवंटात सतराशे वर्षांपूर्वीच्या आगेमागे लोकांच्या जमिनीचे आणि उंटांचे तंटे लिहीत बसली होती. हे कळल्यावर मी ती मालिका सावरून बसून बघितली.

पण मला सांगायचंय ते त्या कादंबरीच्या नावाबद्दल. शब्दशः अर्थ, ‘भूत दिवा विझवतं’. त्यामागे कादंबरीतल्या कबरचोरांचा एक नेम आहे. थडग्यात उतरलं की आग्नेय कोपऱ्यात मेणबत्ती लावायची आणि मगच शवपेटीला हात घालायचा. मेणबत्ती जळत राहिली तर आत झोपलेल्याची हरकत नाही. ती विझली तर हरकत आहे. मग घेतलेली वस्तू होती तिथे ठेवायची आणि मुकाट्यानं परत फिरायचं.

भाऊजी म्हणतील, ह्याला शास्त्रीय कारण आहे. बंद जागेत प्राणवायू कमी झाला की ज्योत विझते. खरं आहे, विहिरीत उतरणारे आपले लोकही कंदील सोडून बघत. पण भाऊजी, फरक लक्षात घ्या. प्राणवायू संपला म्हणून दिवा विझला तर माणसानं बाहेर पळावं, एवढंच. मुठीतली अंगठी परत ठेवायचं काही कारण नाही. ती घेऊनच पळावं, उलट लवकर पळावं! अंगठी परत ठेवायची ती दिवा भुतानं विझवला असेल तरच. म्हणजे त्या भुताचं काम भीती घालणं एवढंच नाही. ‘ही वस्तू तुझी नाही’ हे त्या अंधारात सांगायला दुसरं कोणी हजर नाही. पोलीस नाही, कायदा नाही, आई नाही. मेलेल्याची बाजू घेणारं त्या खोलीत फक्त ते भूत आहे. ते काढून तिथे विषारी वायू ठेवला, किंवा भास ठेवला, किंवा कसले तरी विचित्र किडे ठेवले, की अंगावर काटा येतो, पळापळ होते, स्फोटही होतात, पण चोराला कुणी विचारणारं उरत नाही.

आणि हे मी नुसतं चिन्यांना म्हणत नाही. ही कात्री एकदा माझ्या हातात होती.

गोष्ट १९८१ किंवा ८२ सालची. मी शिकवत होते त्या शाळेत दर वर्षी हस्तलिखित निघायचं आणि मराठीच्या बाई म्हणून ते माझ्याकडे असायचं. सातवीतल्या एका मुलानं गोष्ट लिहून आणली. बाहेरगावाहून यायचा तो, अंगानं बारीक, वर्गात कधी तोंड उघडत नसे. गोष्टीतल्या मुलाला पडक्या विहिरीच्या काठावर चांदीचं पैंजण सापडतं. तो ते उचलतो, घरी तांदळाच्या डब्यात लपवतो. त्या रात्रीपासून विहिरीतून एक बाई त्याला हाका मारायला लागते. नावानं नाही, "अरे बाळा" म्हणून. शेवटी एका रात्री तो दोराला पैंजण बांधून विहिरीत सोडतो, दोराला खालून हलका हिसका बसतो आणि हाका थांबतात. एवढीच गोष्ट. तो खालून बसलेला हिसका मला अजून आठवतो.

त्या वर्षी शिक्षणाधिकारी येणार होते. हस्तलिखित त्यांच्या हस्ते उघडायचं होतं. भुताची गोष्ट कशी ठेवायची? मला कोणीही ‘काढा’ म्हटलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. माझं मीच ठरवलं. मुलाला बोलावून म्हटलं, "शेवटी असं लिही, की तो जागा झाला आणि त्याला कळलं, हे सगळं स्वप्न होतं." तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, स्वप्नच होतं तर मग तो पैंजण परत का टाकतो?"

मी म्हटलं, "कारण तो चांगला मुलगा आहे म्हणून."

त्यानं तसं लिहिलं. सुंदर अक्षरात लिहून दिलं. खाली नाव घालायला मात्र विसरला, ते मी घातलं. शिक्षणाधिकारी आले, त्यांनी हस्तलिखित चाळलं, मुखपृष्ठाचं कौतुक केलं आणि चहा घेऊन गेले. ती गोष्ट त्यांनी वाचलीसुद्धा नाही.

चाळीस वर्षांनंतर तो चिनी नायक ‘सरकारजमा करू’ म्हणाला तेव्हा मला माझंच वाक्य ऐकू आलं. का परत करायचं? कारण तो चांगला मुलगा आहे म्हणून.

ह्यानंतर आम्ही ‘द अनटेम्ड’ बघितली. २०१९ ची, पन्नास भागांची. (ज्यांना बघायची असेल त्यांनी हे दोन परिच्छेद गाळावेत, नंतर मला फोन करून रागावू नये.) मोश्यांग थोंगश्यू ह्या लेखिकेची कादंबरी. जुन्या काळातली घराणी, तलवारी, बासरी वाजवून मेलेल्यांना उठवणारा नायक. कादंबरीत प्रेतं चालतात. मालिकेत ती प्रेतं नाहीत, ‘कळसूत्री माणसं’ आहेत, कुणीतरी जादूनं ताब्यात घेतलेली. कादंबरीत दोन पुरुषांचं प्रेम आहे. मालिकेत ती जिवाभावाची मैत्री आहे, आणि नट इतके गुणी की न बोलता सगळं पोचतं. सत्तरी उलटलेल्या मला दुसऱ्या भागात कळलं, तेव्हा नातीनं माझ्याकडे चमकून बघितलं.

पण मला खरा खटकला तो तिसरा बदल. कादंबरीतला नायक वेई वूश्यान ह्याच्या हातून भयंकर गोष्टी घडतात. मेलेल्यांच्या शक्तीशी खेळताना त्याचा ताबा सुटतो आणि त्याच्या बासरीनं उठवलेल्या हातांनी त्याच्याच बहिणीसारख्या बहिणीचा नवरा मरतो. त्याचा हेतू तसा नव्हता, पण कृत्य त्याचं होतं. पुढे जे काही सोसतो ते ह्या ओझ्याखाली. मालिकेत काय होतं? दूर लपून दुसराच कोणीतरी दुसरी बासरी वाजवत होता म्हणे! म्हणजे आपला नायक सुटला. पन्नास भाग ज्याच्या दुःखाशी आपण बांधून घेतो, त्याच्या दुःखाचं मूळच उपटून बाजूला ठेवलं. आपल्या कर्णाकडून अभिमन्युवधाच्या वेळी काहीच घडलं नाही, त्याचा रथ तेव्हा दुरुस्तीला गेला होता, असं कोणी लिहिलं तर कर्ण मोठा होतो का लहान? ही दुसरी बासरी सेन्सॉरनं वाजवायला लावली की निर्मात्यांनी आपणहून, हे बाहेरच्या माणसाला सांगता येणार नाही. माझ्या मते आपणहून. कात्री बाहेरून यायची वाट कोण बघतो? मी बघितली नव्हती.

आणि नियम तरी कसे, तर मोघम. २०१५ च्या अखेरीस तिथल्या टीव्हीच्या धंद्यातल्या संघटनांनी मालिकांसाठी एक नियमावली केली, २०१६ मध्ये ती सगळीकडे गाजली. अंगात येणं, पुनर्जन्म, जादूटोणा ह्यांचा प्रचार नको, ह्याच यादीत मग समलिंगी प्रेम, विवाहबाह्य संबंध, शाळकरी मुलांचं प्रेम. आता ‘प्रचार’ म्हणजे किती? भूत दोन मिनिटं दिसलं तर कथा आणि पाच मिनिटं दिसलं तर प्रचार? हे कुणालाच माहीत नाही, म्हणून प्रत्येकजण आपल्या परीनं चार पावलं मागेच उभा राहतो. पूर्वी इंटरनेटवरच्या मालिकांना थोडी मोकळीक असायची, पण १ जून २०२२ पासून त्यांनाही सरकारी परवान्याचा क्रमांक दाखवावा लागतो. २०१८ साली ‘गार्डियन’ नावाची मालिका आली. मूळ कादंबरी आजच्या चिनी शहरात घडणारी, यमलोक, आत्मे असं सगळं असलेली. मालिकेत ती उचलून थेट दुसऱ्या ग्रहावर नेली आणि आत्म्यांच्या जागी परग्रहवासी बसवले. एवढं करूनही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती काही काळ उतरवावी लागलीच.

कधीकधी तर चित्रही नको, नुसती पाटी पुरते. २०२२ साली ‘फाइट क्लब’ हा अमेरिकन सिनेमा तिथल्या एका मोठ्या संकेतस्थळावर आला तेव्हा शेवटचे स्फोट कापून तिथे पाटी टाकली, की पोलिसांनी कट वेळेत उघडकीस आणला आणि सगळ्यांना पकडलं. जगभर हसं झाल्यावर बराचसा भाग परत जोडला. चिनी मालिकांना एवढं नशीब नाही. त्यांच्यासाठी जगात कोण हसणार? पुष्कळ मालिकांचे संवाद तिथे नंतर स्टुडिओत भरतात, त्यामुळे वाक्य बदलायला परत चित्रीकरणही नको. नात मधेच म्हणते, "आजी, ओठ वेगळं बोलतायत." मी सबटायटल वाचणारी बाई, मला ते कधीच कळत नाही.

‘भूत दिवा विझवतं’च्या लेखकाची एक गोष्ट आहे. त्याच्या कादंबरीवर २०१५ साली सिनेमा निघाला, त्यात दिग्दर्शकानं थडगी वगैरे बाजूला सारून परग्रहावरच्या प्राण्यांची कथा केली. लेखक न्यायालयात गेला. २०१९ मध्ये बीजिंगच्या बौद्धिक संपदा न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, की मूळ कृतीची मोडतोड झाली आहे. मला वाचून बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की त्याला खटला भरता आला तो दिग्दर्शकावर. ज्या भीतीपोटी थडग्यातलं भूत परग्रहावर गेलं तिच्यावर खटला कसा भरणार? आपल्याकडे ‘सखाराम बाइंडर’वर कात्री आली तेव्हा कमलाकर सारंग सेन्सॉरविरुद्धच कोर्टात उभे राहिले आणि जिंकले. आमच्या कॉलेजच्या दिवसांनंतर लगेचचीच गोष्ट ती. भाऊजी, ते नाटक तुम्ही आणि तुमचे बंधू मला घरी ठेवून बघून आला होता, हेही माझ्या लक्षात आहे.

आता तुमचे दोन मुद्दे. पहिला अंधश्रद्धेचा. आपला २०१३ चा कायदा मी तुमच्याइतकाच आपला मानते. पण तो पकडतो कुणाला? अंगात दैवी शक्ती आहे म्हणून बाईला मारहाण करणाऱ्या, पैसे उकळणाऱ्या, नरबळी देणाऱ्या माणसाला. तो वेताळाच्या गोष्टीला हात लावत नाही. १९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और वेताल’ लागायचं तेव्हा तुमची मुलं आमच्याकडे येऊन बघायची, आठवतंय? त्यातला एकही वेताळाच्या नादी लागला नाही, एक तर हृदयरोगतज्ज्ञ झाला. वेताळाच्या जागी विक्रमाला झालेला भास ठेवला असता तर प्रश्न कोणी विचारले असते? गोष्टीतलं भूत आणि दारात पैसे मागणारा भगत हे एकाच गोठ्यातले नाहीत. गोष्ट ऐकताना मूल घाबरतं आणि त्याला आतून माहीत असतं की आपण पांघरुणात आहोत. भगतासमोर बसलेल्या बाईला पांघरूण नसतं.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे, तुम्ही जाताना रिक्षात बसता बसता टाकलात. खऱ्या कबरचोऱ्या होतात त्याचं काय? होतात. मी वाचलं. मे २०१५ मध्ये, म्हणजे ती बारा भागांची मालिका यायच्या जेमतेम आधी, चिनी पोलिसांनी ईशान्येकडे ल्याओनिंग प्रांतात एक मोठी टोळी उघडकीला आणली. न्यूहेल्यांगच्या परिसरात, जिथे पाच हजार वर्षांपूर्वीचे अवशेष आहेत, तिथे त्यांनी खणाखणी केली होती. १७५ जण पकडले, १,१६८ वस्तू परत मिळाल्या. त्यात जेड दगडातल्या अशा वस्तू होत्या ज्यांची किंमत पैशात करणंच चूक. हा गंभीर गुन्हा आहे आणि त्याला माफी असू नये. पण मला एक सांगा, खऱ्या चोराला कोणती मालिका बोचेल? ज्यात चोर नाहीच, सगळेच देशभक्त आहेत, ती? की जिच्यात चोराच्या तिसऱ्या पिढीला आजोबांच्या पापाची वही उघडावी लागते, ती? ज्या कथेत चोरीच नाही तिच्यात चोरीचं प्रायश्चित्त कुठून येणार? सरकारला चोरीचा निषेध हवा होता ना, मग निषेध करण्यापुरती तरी चोरी ठेवायची.

आणि भाऊजी, ह्या देशाला भुतांचं वावडं मुळातलं नाही. आपण शाळेत ह्युएन त्संग शिकवतो. इ.स. ६२९ च्या सुमारास निघाला, ६४५ ला परत गेला, मधे पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं लिहून गेला. (आमच्या सासरची माणसं त्याला भेटली असावीत.) त्याच्याच प्रवासावर चिन्यांनी पुढे ‘पश्चिमेची यात्रा’ ही केवढी मोठी राक्षसांनी आणि मायावी प्राण्यांनी भरलेली कादंबरी रचली. तिच्यावर १९८६ साली मालिका निघाली, पंचवीस भागांची, यांग ज्ये ह्या बाईंनी दिग्दर्शित केलेली, आणि काढली कोणी तर खुद्द सरकारी वाहिनीनं. त्यात माकड उडतं, डुक्कर बोलतं, आणि एक पांढऱ्या हाडांची राक्षसीण आहे, सांगाड्यातून उठलेली. ती आधी तरुण मुलगी होऊन येते, मग म्हातारी आई, मग म्हातारा बाप. माकड प्रत्येक वेळी ओळखतं आणि मारतं, आणि भोळा गुरू प्रत्येक वेळी माकडालाच रागावतो, शेवटी हाकलून देतो. तिथल्या दोन-तीन पिढ्या ही मालिका उन्हाळ्याच्या सुटीत बघत वाढल्या. तेच लोक पुढे शास्त्रज्ञ झाले, आगगाड्या धाववल्या, यानं सोडली. आणि त्यातलेच काहीजण आता मोठ्या खुर्चीत बसून ठरवतात की हांगचौच्या दुकानदाराला प्रेत दिसता कामा नये. जुनं अभिजात म्हणून चालतं, आजच्या कपड्यांतलं चालत नाही.

नात परवा परत गेली. जाताना तिनं मला ती १९८६ ची मालिका कुठे सापडते ते कागदावर लिहून दिलं, कुठलं बटण आधी दाबायचं ह्याच्यासकट. भाऊजी दिवाळीला चार दिवस येणार आहेत. पांढऱ्या हाडांच्या राक्षसिणीचा भाग मी त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे. भाजणीच्या चकल्या करते, कडक, त्यांना आवडतात तशा. दिवे मालवून बघू या म्हणते, बघू काय म्हणतात.